मैफल पाऊण तासाची, पुरावा पाव तासाचा

संशोधन सुरू करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एका चित्रपटाबद्दल, आणि त्याच्यामुळे माझ्या प्रकरणातून उडालेल्या एका वाक्याबद्दल.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मदतीचा कार्यक्रम झाला. रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनला हाक दिली आणि बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार अशी मंडळी एका मंचावर आली. ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ हा त्यावरचा चित्रपट १९७२ साली आला, २००५ साली डीव्हीडी निघाली. मी तो सोलापुरात, खोलीतल्या लॅपटॉपवर पाहिला.

सुरुवात भारतीय संगीताने होते: रविशंकरांची सतार, अली अकबर खाँसाहेबांचा सरोद, अल्लारखाँचा तबला, कमला चक्रवर्तींचा तानपुरा. वाद्यं नुसती जुळवून झाली तरी लोक टाळ्या वाजवतात, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. पुढचं वादन साधारण पाव तासात आटोपतं. मी लगेच लिहून टाकलं: ‘रॉकच्या श्रोत्यांसमोर आपल्या संगीताला पाव तासच मिळाला.’ वर दोन परिच्छेदांचा युक्तिवादही रचला.

मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: ‘कुणी दिला पाव तास?’

मग शोधलं. मंचावर ते वादन सुमारे पाऊण तास चाललं होतं. कात्री नंतर लागली. म्हणजे मी श्रोत्यांवर ठेवलेला ठपका संकलनाच्या टेबलाचा होता. शिवाय त्या दिवशी कार्यक्रम दोन झाले, दुपारी एक आणि संध्याकाळी एक. चित्रपट दोन्हींतून जोडलेला. आपण घरी जी ‘एक मैफल’ बघतो, ती तशी कुठल्याच प्रेक्षकाने बघितलेली नाही!

म्हणून चित्रपट टाकाऊ ठरतो का? अजिबात नाही. तबल्यावरची बोटं, वादकांची एकमेकांना दिलेली नजर हे मागच्या रांगेतल्या माणसाला दिसलं नसणार. ते कॅमेऱ्याने दिलं. वाद्यवादन अभ्यासायचं असेल तर तो सोन्यासारखा पुरावा आहे. श्रोत्यांचा संयम मोजायला मात्र तो कच्चा आहे. पुरावा चांगला की वाईट हे तुमच्या प्रश्नावर ठरतं.

आणि कापलेला भागही बोलतो. डीव्हीडीच्या जादा भागात डिलनचं दुपारच्या कार्यक्रमातलं, चित्रपटात नसलेलं एक गाणं आलं. सतार-सरोदाची उरलेली मिनिटं आली नाहीत. घरच्या प्रेक्षकाला काय हवं असेल, याबद्दलचा निर्मात्यांचा अंदाज इथे दिसतो. माझं नवं वाक्य आता त्यावर उभं आहे.

तुम्ही एक करून बघा. हुतात्मा स्मृती मंदिरात एखाद्या गाण्याच्या कार्यक्रमाला घड्याळ आणि वही घेऊन बसा. काय कधी सुरू झालं, कधी संपलं, लोक कुठे उठले, टिपून ठेवा. नंतर त्याचंच चित्रीकरण मिळालं तर वही शेजारी ठेवून बघा. जिथे दोन्ही जुळणार नाहीत, तिथे खूण करा. तुमचा संशोधनप्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.

माझी ती दोन पानं गेली. वाईट वाटलं, पण व्हायवाच्या आधी गेली हे बरंच झालं म्हणायचं.