प्रीअँपचा आवाज नेमका कुठे असतो?

आजचा विषय जरा चैनीचा आहे. घरच्या स्टिरिओत सीडी प्लेयर आणि पॉवर अँप्लिफायर यांच्या मध्ये बसतो तो प्रीअँप. कुठलं यंत्र ऐकायचं ते निवडायचं आणि आवाज कमीजास्त करायचा, एवढंच त्याचं मुख्य काम. त्याला लोक लाखो रुपये मोजतात. मोजू देत, पैसे त्यांचे! मला बोलायचंय ते त्यांच्या परीक्षणांबद्दल.

1962 साली जे. गॉर्डन होल्ट यांनी 'स्टिरिओफाइल' काढलं. यंत्राची किंमत नुसत्या मोजमापांवर ठरवू नका, ऐकून ठरवा, ही त्यांची भूमिका. मला ती पटते. कानासाठी केलेल्या वस्तूचा निवाडा कानानेच व्हावा. पण निवाडा म्हटला की पुढची जबाबदारी येते, आणि तिथे परीक्षक हात वर करतात. 'हा उबदार, तो कोरडा, याचा साउंडस्टेज खोल' असं लिहून मोकळे होतात.

ह्यूमने 1757 च्या रुचीवरच्या निबंधात सांचो पान्झाच्या दोन नातलगांची गोष्ट सांगितली आहे. वाइन चाखून एक म्हणतो चामड्याची चव लागते, दुसरा म्हणतो लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली किल्ली सापडते. आता प्रश्न असा, की प्रीअँपचं पिंप कुणी रिकामं करतं का?

घरी करता येतं. दोन्ही प्रीअँपची पातळी आधी जुळवावी लागते. स्पीकरच्या टोकांना व्होल्टमीटर लावा, एक स्थिर सूर वाजवा आणि फरक 0.1 डेसिबलच्या आत आणा. म्हणजे 2 व्होल्टला साधारण 0.02 व्होल्ट. इतकी काटेकोर पातळी कशाला? फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं की आवाज वाढला की खालचे सूर कानाला अधिक भरीव लागतात. अर्धा-एक डेसिबल जास्त वाजणारा प्रीअँप मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो. कित्येक व्हॉल्यूम नॉब तर एकेका डेसिबलच्या पायऱ्यांनीच फिरतात! मग कुठला वाजतोय हे आपल्याला कळणार नाही अशा रीतीने दुसऱ्याला बदलायला सांगा. नाव आणि किंमत झाकलेली हवी. आपल्याकडे सविकल्पक प्रत्यक्षाची चर्चा आहे ना, नाव-जातीसकट होणारं ज्ञान? पॅनेलवरचं नाव वाचलं की 'उबदार' हा शब्द कानाच्या आधी पोचतो.

यावर एक आक्षेप घेतात, आणि तो पोकळ नाही. दोन मिनिटांच्या अदलाबदलीत बारकावे निसटतात, गाणं महिनाभर ऐकावं लागतं. ठीक आहे, महिनाभर ऐका, पण झाकून ऐका. आणि 'आकाशपाताळाचा फरक' लिहिणाऱ्याला दोन मिनिटं पुरायला काय हरकत आहे?

म्हणजे सगळे प्रीअँप सारखेच? तेही मी म्हणणार नाही. एखाद्या ट्यूब प्रीअँपच्या आउटपुटला 0.47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे असं धरा. पुढच्या पॉवर अँपचा इनपुट 100 किलोओहमचा असेल, तर खालचे सूर 3 हर्ट्झच्या आसपास ढळू लागतात, कुणाला पत्ताही लागत नाही. तोच इनपुट 10 किलोओहमचा असेल, तर 34 हर्ट्झलाच 3 डेसिबल गेले. डग्ग्यावर फारसं जाणवणार नाही, पण पाइप ऑर्गनचा सर्वांत खालचा सूर नक्की बारीक होईल. परीक्षक लिहिणार, 'या प्रीअँपचा बेस सडपातळ आहे.' अहो, तो सडपातळपणा त्या डब्यात कुठे आहे? तो दोन यंत्रांच्या संबंधात आहे. नैयायिक निदान संयोगाला वेगळा गुण मानून तो दोघांवर ठेवतात. आपला परीक्षक तो एकाच्या माथी मारतो, आणि दुसरा पॉवर अँप असलेला वाचक त्या भरवशावर खरेदी करून बसतो.

त्यामुळे परीक्षण वाचताना मी विशेषणं नंतर वाचतो. पातळी कशी जुळवली, बदल कोण करत होतं, पुढे कुठला पॉवर अँप जोडला होता, हे आधी शोधतो. बहुतेक वेळा सापडत नाही.