रेषेतून पडद्यावर : 'चिंटू' या व्यंगचित्रमालिकेचे चित्रपटीय माध्यमांतर

प्रस्तावना

साहित्यकृतीवर आधारित चित्रपट हा मराठी समीक्षेचा जुना विषय आहे. 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटापासून कथा-कादंबरीच्या माध्यमांतराची चर्चा होत आली आहे. मात्र रेषेतून जन्मलेली व्यक्तिरेखा हाडामांसाच्या नटाकडे सोपविली जाते तेव्हा कोणते प्रश्न निर्माण होतात, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात श्रीरंग गोडबोले दिग्दर्शित 'चिंटू' (२०१२) या चित्रपटाचा या दृष्टीने विचार केला आहे. लोकप्रिय मालिका, जाणकार दिग्दर्शक आणि गुणी नटसंच लाभूनही हा चित्रपट मूळ मालिकेच्या वाचकाची निराशा का करतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

मूळ मालिकेचे स्वरूप

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची 'चिंटू' ही मालिका २१ नोव्हेंबर १९९१ पासून दैनिक 'सकाळ'मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. आई, पप्पा, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, जोशीकाकू, सतीशदादा अशा मोजक्या माणसांवर ती उभी राहिली. तिच्यात सलग कथानक नाही. आईने सांगितलेले काम टाळणे, प्रगतिपुस्तकाची धास्ती, क्रिकेट, मित्रांशी अबोला असे अगदी लहान प्रसंग तीन-चार चौकटींत सुरू होतात आणि तेथेच संपतात. दुसऱ्या दिवशी चिंटू पुन्हा तेवढ्याच वयाचा, तेवढाच निर्धास्त असतो. वाचकांच्या मुलांची शाळा संपली, महाविद्यालय संपले, तरी चिंटू मोठा झाला नाही. या थांबलेल्या काळातच मालिकेचा आनंद आहे.

दुसरे वैशिष्ट्य रेखाटनाचे आहे. या चित्रांत तपशील कमी आणि मोकळी जागा जास्त असते. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रकथाविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, चेहरा जितका साध्या रेषांत काढलेला असतो तितका वाचक त्यात स्वतःला पाहू शकतो. 'चिंटू'ला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावातील वाचकाने पुण्यातील वसाहत कधी पाहिलेली नसली, तरी त्या मोकळ्या पार्श्वभूमीवर तो आपले अंगण, आपली गल्ली आणि आपल्या शेजारच्या काकू सहज उभ्या करू शकतो. दोन चौकटींमधील जागाही तोच भरतो.

चित्रपटातील परिवर्तन

चित्रपटाला दोन तासांच्या आसपासचा अवकाश भरावयाचा असतो. त्यासाठी 'चिंटू'मध्ये मुलांच्या खेळाच्या मैदानावरील अतिक्रमण आणि ते परत मिळविण्याची त्यांची धडपड असे कथानक योजले आहे. विषय खरा आहे. शहरातील मुलांचे खेळणे आक्रसत चालले असताना तो निवडणे औचित्याचेही आहे. शुभंकर अत्रे याचा चिंटू गोड वाटतो. सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे यांचे पप्पा-आई संयत आहेत. तथापि, मैदानाचा लढा सुरू होताच चिंटूला ध्येय मिळते, प्रतिस्पर्धी मिळतो आणि शेवटी विजयही मिळवावा लागतो. मालिकेतील चिंटू बहुतेक वेळा हरतो, फजित होतो आणि त्या फजितीतच तो आपला वाटतो. चित्रपटातील चिंटू बालचित्रपटांतील परिचित नायक होतो. त्याचे नाव बदलले तरी कथानकाला फारसा धक्का लागत नाही, हीच या माध्यमांतराची मोठी उणीव आहे.

कॅमेऱ्यामुळे दुसरी अडचण उद्भवते. कॅमेऱ्याला मोकळी पार्श्वभूमी चालत नाही. घर, कपडे, वसाहत, बोलण्याची लकब हे सारे त्याला ठरवून दाखवावे लागते. परिणामी रेषेतला सर्वांचा चिंटू पडद्यावर एका विशिष्ट शहरातील, विशिष्ट वर्गातील मुलगा होतो. २०१३ मधील 'चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा' या पुढील भागात तर शीर्षकच साहसकथेचे आश्वासन देते, दैनंदिन क्षुल्लकतेपासून झालेली ही आणखी एक फारकत होय.

तुलनात्मक विचार

हा अनुभव केवळ मराठीचा नाही. अकिरा तोरियामा यांच्या 'ड्रॅगन बॉल' या जपानी चित्रकथेवरील सजीवपट मालिका जगभर लाडकी ठरली. तिच्यावरील 'ड्रॅगनबॉल इव्होल्युशन' (२००९) या नटांनी साकारलेल्या चित्रपटात गोकू हा अमेरिकन शाळेत जाणारा किशोर झाला. चाहत्यांची निराशा एवढी तीव्र होती की, पटकथाकार बेन रॅमसे यांनी २०१६ मध्ये जाहीर माफी मागितली. तेथे बेफिकिरी होती. 'चिंटू'मध्ये मात्र मूळ मालिकेविषयी आत्मीयता आहे. तरीही दोन्ही ठिकाणी व्यक्तिरेखा तयार साच्यात बसविली गेली, हे साम्य नजरेआड करता येत नाही. याउलट 'कॅल्विन अँड हॉब्स'चे निर्माते बिल वॉटरसन यांनी आपल्या पात्रांचा व्यापारी वापर ठामपणे नाकारला आणि १९९५ च्या अखेरीस मालिकाच थांबविली.

म्हणून माध्यमांतर करूच नये, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' (२०१७) या चित्रपटाने भा. रा. भागवतांच्या बनेशला वयाने वाढविले आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहाराच्या शोधात गुंतविले. बदल मोठा होता. परंतु मूळ कथाच साहसाच्या आणि शोधाच्या असल्याने बनेशची चौकस धाव कायम राहिली. 'चिंटू'च्या चित्रपटाने वरवरचे तपशील अधिक निष्ठेने जपले, पण कृतीचा गाभा असलेला थांबलेला काळ मात्र त्याच्या हातून निसटला.

निष्कर्ष

१. माध्यमांतराची कसोटी पात्रांची नावे व वेशभूषा यांच्या साम्यावर नव्हे, तर मूळ कृतीच्या काळ व अवकाशविषयक जाणिवेवर ठरते.

२. 'चिंटू'सारख्या प्रसंगनिष्ठ मालिकेला एकसंध संघर्षकथेपेक्षा सुट्या, छोट्या प्रसंगांची मांडणी अधिक मानवली असती.

३. रेषेने वाचकासाठी मोकळी ठेवलेली जागा कॅमेरा भरून टाकतो. म्हणून काय दाखवू नये, याचा विवेक दिग्दर्शकाला अधिक बाळगावा लागतो.

४. मराठीत बालचित्रपट मुळात कमी आहेत. त्यामुळे असा प्रयत्न झाला की कौतुकावरच समाधान मानण्याची प्रवृत्ती दिसते. बालप्रेक्षकाला प्रौढांइतकीच कठोर समीक्षा मिळाली, तरच पुढील माध्यमांतरे अधिक सकस होतील.