मंगो पार्क आणि सूत कातणाऱ्या स्त्रियांचे गाणे : एका आतिथ्यप्रसंगाची भाषिक चिकित्सा

मंगो पार्क (१७७१–१८०६) याचे आफ्रिकेच्या अंतर्भागातील प्रवासाचे पुस्तक १७९९ साली लंडन येथे प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्यातील एक प्रसंग मूळ ग्रंथापासून सुटा होऊन जणू स्वतंत्रपणेच नांदत आला आहे. स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन घरात वाढलेला, वडिलांनी धर्मोपदेशकाच्या व्यवसायासाठी योजिलेला, परंतु शल्यवैद्य झालेला हा तरुण जुलै १७९६ मध्ये नायजर नदीकाठच्या सेगू नगरासमोर पोहोचला. तेथील राजा मान्साँग याने त्यास नदी ओलांडू दिली नाही व दूरच्या एका खेड्यात मुक्काम करण्याचा निरोप धाडला. त्या खेड्यात कोणीही त्यास दारात उभे केले नाही. दिवसभर तो एका झाडाखाली उपाशी बसून राहिला. संध्याकाळी वादळ घोंघावू लागले असता शेतातून परतणारी एक स्त्री थांबली. तिने त्याची विचारपूस केली, घोड्याचे खोगीर व लगाम उचलला आणि त्यास आपल्यामागून येण्यास सांगितले. झोपडीत तिने दिवा लावला, चटई अंथरली, निखाऱ्यावर भाजलेला मासा दिला. नंतर घरातील स्त्रिया रात्री बराच वेळ सूत कातीत बसल्या व त्यांनी जी गाणी म्हटली त्यांतील एक त्या पाहुण्यावरच आयत्या वेळी रचलेले होते. एक तरुण स्त्री गाई आणि इतर स्त्रिया ध्रुपद धरीत.

या प्रसंगाचा अर्थ सामान्यतः दोन प्रकारे लावला जातो. काहींना त्यात ईश्वरी योजना दिसते, तर काहींना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील भावविवश मानवतावाद. दोन्ही अर्थ पार्कच्या शब्दांवर उभे आहेत. गाणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे म्हणणे काय होते, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. वास्तविक त्या घरातील स्त्रियांनी आपल्या कृतीचे कारण गाण्यातच सांगून ठेविले आहे.

प्रथम पार्कची बाजू पाहावी. डिसेंबर १७९५ मध्ये, जवळचे निम्मे सामान राजाच्या माणसांनी काढून नेल्यावर, तो उपाशी बसला असता डोक्यावर टोपली घेतलेल्या एका वृद्ध दासीने त्यास जेवण झाले काय असे विचारले, ओंजळभर भुईमूग दिले व आभाराचा शब्द ऐकण्यापूर्वीच ती निघून गेली. या घटनेचे कारण पार्क तिच्या हृदयात आणि तिने स्वतः भोगलेल्या भुकेच्या अनुभवात शोधतो. याउलट ऑगस्ट १७९६ मध्ये लुटारूंनी जवळजवळ नागवल्यानंतर त्याची दृष्टी एका इवल्याशा शेवाळावर पडते, आणि तेथे मात्र त्यास विधात्याची आठवण होऊन उठून चालू लागण्याचे बळ येते. या दोन प्रसंगांच्या मध्ये सेगूची रात्र आहे. त्या रात्रीच्या वर्णनात देवाचे नाव नाही. अनपेक्षित दयेने मन भारावून झोप उडाली, एवढेच तो नोंदवितो. शेवाळात ईश्वर दिसावा आणि चटई अंथरणाऱ्या बाईत केवळ स्त्रीस्वभाव दिसावा, हे पार्कच्या धर्मभावनेचे मोठे सूचक वैशिष्ट्य आहे. त्याच्या श्रद्धाळू वाचकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

आता गाणे. त्याचा शब्दशः अनुवाद दिल्याचे पार्क सांगतो, पण मूळ शब्द तो देत नाही. त्यामुळे 'शब्दशः' या विशेषणाची परीक्षा करण्याचा सरळ मार्ग उरत नाही. त्याची भाषिक तयारी मात्र कच्ची नव्हती. गँबिया नदीवरील पिसानिया येथे डॉक्टर लेडली यांच्याकडे राहून त्याने १७९५ च्या उत्तरार्धात मान्डिंका भाषेचा अभ्यास केला होता. सेगूची बाम्बारा त्यास मान्डिंकाचे बिघडलेले रूप वाटली. आजचे भाषाशास्त्र त्या दोहोंस मान्डिंग गटातील भगिनी मानते. गाणे आपल्याविषयी आहे हे त्यास ऐकताक्षणी कळले, यावरून त्याचे आकलन पुरेसे असावे.

अनुवादात जे शिल्लक राहिले आहे तेही बोलके आहे. वारा व पाऊस यांच्या उल्लेखानंतर गाणे त्या थकलेल्या गोऱ्या माणसाला गायकांच्या स्वतःच्या झाडाखाली आणून बसविते. मग दोन समांतर उणिवा येतात : दूध आणून देणारी आई नाही, धान्य दळून देणारी पत्नी नाही. ध्रुपदात करुणेचे आवाहन आहे, पण तेथे पत्नी गळते आणि आईच तेवढी उरते. दिवसभर परक्याचे असलेले झाड गाण्यात घरचे झाले, आणि परक्याची व्याख्या रंगाने किंवा धर्माने न होता नात्याच्या अभावाने झाली. दळणकांडणाच्या ओव्या ज्यांच्या कानांवर आहेत त्यांना हा विचार अपरिचित वाटणार नाही.

येथे बाम्बाराचे व्याकरण साहाय्यास येते. या भाषेत आप्तवाचक नाम स्वामीवाचकास थेट जोडले जाते. इतर वस्तूंच्या बाबतीत मध्ये 'का' हा शब्द यावा लागतो. म्हणजे 'त्याची आई' आणि 'आमचे झाड' यांतील षष्ठी त्या स्त्रियांच्या कानांना एकच नव्हती. शिवाय इंग्रजीसारखे स्वामित्ववाचक क्रियापद तेथे नाही. एखादी गोष्ट कोणापाशी आहे किंवा नाही, अशीच रचना होते. 'त्याला आई नाही' हे मराठी वाक्य त्या घडणीला इंग्रजीपेक्षा जवळचे आहे. इंग्रजीत आई ही नसलेल्या मालमत्तेसारखी भासते, तर येथे तिचे नसणे हीच वाक्यातील घटना होय. पार्कच्या ध्रुपदातील उलटा शब्दक्रम हा मूळ रचनेचा अवशेष मानण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. इंग्रजी पद्यात असा क्रम नित्याचाच आहे.

डेव्हनशरची डचेस जॉर्जिआना हिने या गद्य अनुवादाचे पद्य केले, फेरारीने त्यास चाल लावली व ते ग्रंथासोबतच वाचकांपुढे आले. या पद्यात दूध, धान्य, आई, पत्नी हे सारे एका श्वासात उरकले जाते आणि समांतरता मोडते. त्याहून गंभीर बाब म्हणजे एक संपूर्ण कडवे नव्याने जोडले आहे : दया नावाची मूर्तिमंत शक्ती वादळ शांत करते, गोरा पाहुणा दूर निघून जातो आणि उपकाराची स्मृती हृदयात वागवितो. पार्कने जेथे देवाला आणले नव्हते तेथे डचेसने ख्रिस्ती सद्गुण आणून बसविला, आणि तोही त्या स्त्रियांच्याच तोंडी. पद्य गोड आहे, यात शंका नाही. पण बोलणारे बदलले आहे.

मेरी लुईझ प्रॅट यांनी १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात पार्कच्या निवेदनाची चिकित्सा परस्परविनिमयाच्या कल्पनेतून केली आहे. जमेकातील मळेवाला व गुलामांच्या व्यापाराचा समर्थक ब्रायन एडवर्ड्स याचा हात या ग्रंथाच्या सिद्धतेस लागला होता, हे ध्यानी घेता तो संशय रास्तच ठरतो. तथापि प्रॅट यांचा रोख प्रवाशाच्या वक्तृत्वावर आहे; यजमानीणीच्या वाक्याची घडण त्यांच्या कक्षेत फारशी येत नाही.

विनिमयाची एक नोंद मात्र पार्क स्वतःच करतो. सकाळी निघताना त्याच्या बंडीवर पितळेची चार बटणे उरली होती. त्यांतील दोन त्याने त्या स्त्रीला दिली. डचेसच्या पद्यात बटणे नाहीत. त्यांच्या जागी पाहुण्याची कृतज्ञ स्मृती आहे. सूत कातणाऱ्यांच्या गाण्यात दोन्ही नाहीत.