मोडीचा भाव

माझी नणंद जुन्या चांदीच्या वस्तू विकते. दुकान नाही, घरातूनच. वर्षातून दोनदा बैठकीच्या खोलीत तबकं मांडते, ओळखीच्या बायका येतात, चहा होतो, चार वस्तू जातात. गेल्या वर्षी दिवाळीआधी तिनं मला बोलावलं. "वहिनी, तुम्ही बीए झालेल्या, जरा चिठ्ठ्या लिहून द्या ना. मराठी-गुजराती दोन्हीत. या वेळी माल वेगळा आहे. ज्यू माल!"

तबकात चौदा वस्तू होत्या. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून एकगठ्ठा आणलेल्या. प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, आणि चौदाही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर : अँटिक ज्युइश स्टर्लिंग. मी फक्त याचं मराठी करायचं होतं.

पण माझं माहेर हुपरीचं. कोल्हापूरजवळच्या या गावात घरटी चांदीचं काम, आणि त्यात आपल्या समाजाची घरं भरपूर. माझे काका पैंजण करायचे. झाळण्याच्या वासात मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे कोणी चांदीवर चिठ्ठी लावली की मी आधी वस्तू उलटी करते. चांदीची पाठ खोटं बोलत नाही, असं काका म्हणायचे. (बोलते कधीकधी. शिक्के काय, कुणीही मारतं.)

चिठ्ठीतले तीन शब्द मी एकेक करून घेतले. पहिला, स्टर्लिंग. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. शुद्ध चांदी मऊ, तिला ताठपणा यावा म्हणून तांबं. आपल्या सराफांच्या भाषेत साडेब्याण्णव टंच. इंग्लंडात घडलेल्या वस्तूवर चालणारा सिंह असतो, बर्मिंगहॅमची असेल तर नांगर. आजच्या मालावर नुसता ९२५ चा आकडा असतो. चौदांपैकी नऊंवर आकडा होता. चारांवर काहीच नव्हतं. आणि एकीवर बारीक अक्षरात ईपीएनएस होतं, म्हणजे जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. व्यापाऱ्यानं तीही स्टर्लिंगच्या भावानं नणंदेच्या गळ्यात मारली होती.

बिनशिक्क्याच्या चारांतल्या दोन आम्ही घडियाळी पोळात नेऊन मशीनवर तपासल्या. एक भरली ९१ टंचाच्या आसपास, दुसरी ८३. नणंदेचा चेहरा पडला. मला मात्र त्या दोन वस्तू एकदम आवडायला लागल्या. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया बाराला अकरा भाग चांदीचा असायचा, म्हणजे पावणेब्याण्णव टंच. आपल्याकडे कितीतरी दागिने असे रुपये आटवूनच घडले. आणि ८३? येमेनमधले चांदीचे कारागीर बहुतेक यहुदी. त्यांच्याकडे चांदी यायची ती मारिया थेरेसाच्या नाण्यांतून. त्या नाण्यावर साल कायम १७८० आणि चांदी हजारात ८३३. म्हणजे खरोखर जुना यहुदी हातचा दागिना असेल, तर तो स्टर्लिंग नसण्याची शक्यताच जास्त. ८३ टंच म्हणजे लगेच येमेन असं नव्हे, तेवढ्या कसाची चांदी इतरही बरीच घडते. पण चिठ्ठीतला एक शब्द खरा ठरवायला गेलं तर दुसरा खोटा पडत होता, हे तिच्या लक्षात आलं.

दुसरा शब्द अँटिक. तोंडी सांगताना व्यापारी म्हणाला होता, दीडशे वर्षांचा माल आहे, गिऱ्हाईक परदेशातलं असेल तर पाठवायची सोय करू. आपल्या देशात १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. माल दीडशे वर्षांचा असेल तर तो पाठवणं गुन्हा, आणि पाठवता येत असेल तर तो दीडशे वर्षांचा नाही. याच्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरी मौज तिसऱ्या शब्दात. ज्यू कशावरून? तर सात वस्तूंवर सहा टोकांचा तारा होता. मला सांगा, षट्कोण आपल्याकडे कुठे नाही? यंत्रांत आहे, रांगोळीत आहे, दिल्लीला हुमायूनच्या कबरीच्या भिंतीवर आहे. यहुद्यांची सर्वमान्य खूण म्हणून तो तारा रुळला तोच मुळी अलीकडे. १८९७ च्या बाझेलच्या अधिवेशनानंतर तो जगभर दिसायला लागला आणि १९४८ मध्ये इस्रायलच्या झेंड्यावर गेला. तबकातले सातही तारे साच्यात ओतलेले, कडा बोथट, पाठ सपाट. कारागिरी म्हणून त्यांत बघण्यासारखं काही नाही. आपल्याकडे ओमची पदकं निघतात तशी ही ताऱ्यांची.

दोन पदकांवर हिब्रू अक्षरं होती. इथे माझी विद्या संपली. आमच्या जुन्या कॉलनीत एक बेने इस्रायल बाई राहतात, आम्ही सगळे त्यांना आँटी म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. मी तबकच त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला आणि एक पदक हातात घेऊन हसायला लागल्या. "अगं, हे उलटं आहे!" ती दोन अक्षरं मिळून 'जीवन' असा शब्द होतो. अक्षरांची किंमत धरली तर बेरीज अठरा, म्हणून यहुद्यांत अठराचा आकडा शुभ. पण हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात आणि पदकावर अक्षरं आरशात दिसावीत तशी होती. आधी वाटलं आपण मागची बाजू बघतोय. पण ९२५ चा शिक्का होता पाठीवर. म्हणजे ज्यानं साचा केला त्याला आपण काय लिहितोय हे ठाऊक नव्हतं, ज्यानं विकलं त्यालाही नव्हतं.

मग आँटींनी एक हाताचा पंजा उचलला. चिठ्ठीवर मूळ मजकुराखाली 'हम्सा' लिहिलेलं. हम्सा म्हणजे पाच बोटांचा हात, नजर लागू नये म्हणून घालतात. उत्तर आफ्रिकेतले, अरब मुलखातले यहुदी घालतात आणि मुसलमानही. आँटी म्हणाल्या, "हा आमचा वाटत नाही. मध्ये डोळा असायला हवा, नाहीतर अक्षर. हे चाक कसलं?" मी तो हातात घेतला आणि मला घाम फुटला. तळव्यावर चाक, चाकाच्या मध्यभागी झिजलेली अक्षरं, पहिलं 'अ' अजून दिसत होतं.

बायांनो, तो आपला अहिंसेचा हात होता! १९७४-७५ मध्ये भगवान महावीरांच्या अडीच हजाराव्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी सगळ्या पंथांनी मिळून जे जैन प्रतीक स्वीकारलं, त्यातला. त्या वर्षी अशी पदकं कितीतरी घरांत आली होती, माझ्या आईच्या कपाटातही एक होतं. कुणीतरी ते मोडीत घातलं, ते मुंबईला गेलं आणि यहुदी होऊन बडोद्याला परत आलं.

घरी येऊन नणंदेला सांगितलं तर ती आधी हसली, मग रागावली. "आपला हात यांनी असा विकायचा म्हणजे काय?" मी म्हटलं, उलटी अक्षरं तू विकणारच होतीस की. त्यावर ती गप्प झाली. दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचतात, त्यात अचौर्याच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार येतो. अस्सल म्हणून नक्कल देणं. आम्ही दोघी दरवर्षी शेजारी बसून तो ऐकतो.

तिची बाजूही सांगायला हवी. तिनं या मालात पैसे घातले होते आणि गिऱ्हाईक ताराच मागतं. तारा नसलेली वस्तू ज्यू आहे असं सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? दागिना ओळखायचा म्हणजे खूण शोधायची, असंच आपल्याला वाटतं.

तबकातली एकच वस्तू मला मनापासून आवडली. तारकामाचा ब्रोच. पाठीवर स्टर्लिंग, ९२५, इस्रायल असं स्वच्छ कोरलेलं. जेरुसलेमला १९०६ मध्ये बेझलेल नावाची कलाशाळा निघाली, तिथे येमेनहून आलेल्या यहुदी कारागिरांनी हे तारकाम केलं. पुढे १९४९-५० मध्ये येमेनमधले जवळजवळ पन्नास हजार यहुदी विमानांनी इस्रायलला गेले आणि हे काम तिथे पसरलं. हा ब्रोच त्या घराण्यातला, पण बेझलेलचा शिक्का नाही, म्हणून ते नाव मी चिठ्ठीत घातलं नाही. केसासारख्या दोन तारा पिळून एक केलेली, तिची वेटोळी, प्रत्येक वेटोळ्याच्या पोटात एक रवा. झाळ कुठे वाहिलेली नाही. काकांनी बघितला असता तर पाच मिनिटं बोलले नसते. आणि तारा? कुठेच नाही. नणंदेनं तो सगळ्यात मागे ठेवला होता, काळा पडलाय म्हणून.

आँटींकडून निघताना त्यांनी सहज विचारलं, "माझे वाळे गेले का गं?" मला काहीच माहीत नव्हतं. आँटी लेकीकडे अश्दोदला कायमच्या जायच्या आहेत. घर आवरताना त्यांनी नणंदेकडे बाळवाळ्यांची जोडी विकायला दिली होती. घरी येऊन शोधले तर ते तबकात नव्हतेच. स्वयंपाकघरात वर्तमानपत्राच्या पुडीत होते, आटणीला जायच्या तुटक्या साखळ्या-जोडव्यांबरोबर. पुडीवर लिहिलेलं, मोड. अडतीस ग्रॅम.

साधे वाळे. आपल्या नातवंडांना घालतो तसेच. एकावर दातांचे व्रण. आँटींच्या आईचे, रेवदंड्याचे. मग आँटींचे, मग त्यांच्या तीन मुलांचे. कोकणातले बेने इस्रायल घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बायका नऊवारी नेसत, मंगळसूत्र घालत. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या मराठी-हिब्रू हग्गादात चित्रं आहेत, त्यांत सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका साडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. अशा घरातला दागिना शेजारच्या घरातल्या दागिन्यासारखाच असणार. त्याच्यावर खूण कशाला असेल? तो घालणाऱ्यांना आपण कोण हे माहीत होतं आणि शेजाऱ्यांनाही.

म्हणजे चौदा वस्तूंच्या ज्यू तबकात यहुदी घरातून आलेली म्हणून खात्रीनं सांगता येईल अशी एकही नव्हती, आणि जी होती ती मोडीच्या पुडीत. तोलाला भाव लावताना सराफ घडणावळ सोडून देतो, हे ठीकच आहे, त्याचा धंदा आहे तो. पण आपण बायका घरातल्या घरातही तेच करतो. सासूबाईंचा गोठ मोडून आजच्या फॅशनचं काही घेतो, आणि पुढच्या वर्षी प्रदर्शनातून 'टेम्पल ज्वेलरी' म्हणून कुणाच्या तरी सासूबाईंच्या गोठाची नक्कल तिप्पट किमतीत आणतो. मीही आणली आहे.

तबकात आणखी एक नळीसारखं पदक होतं, कडी तुटलेली, म्हणून नणंद तेही आटवणार होती. आत कागदाची सुरळी होती. आँटींनी बघताक्षणी हात पुढे केला. बाहेर कोरलेलं अक्षर देवाच्या नावाचं. लिहिलेलं देवाचं नाव त्यांच्यात पुसत नाहीत, फेकत नाहीत, फार जीर्ण झालं तर पुरतात. आपण शास्त्राची फाटकी पानं रद्दीत घालत नाही, तसंच. अहमदाबादला खमासाजवळ त्यांचं १९३४ चं सिनेगॉग आहे, मागेन अब्राहम, तिथे त्या ते पाठवणार आहेत. नणंदेनं पैसे मागितले नाहीत.

चिठ्ठ्या मी लिहिल्या. ताऱ्यांवर लिहिलं : नवं ओतकाम, ९२५, तारा. मुलाम्याच्या वस्तूवर : मुलामा. उलटी अक्षरं आणि आपला हात तबकातून काढून घेतले. वाळ्यांवर काय लिहू, म्हणून आँटींना फोन केला. 'ज्यू' लिहू का? "ते कशाला? रेवदंड्याचे लिही." मग लिहिलं : बाळवाळे, जोडी, ३८ ग्रॅम, शिक्का नाही. रेवदंड्याच्या बेने इस्रायल घरातले, तीन पिढ्या वापरलेले. एकावर दातांचे व्रण.

बेने इस्रायल हे शब्द माझे. आँटींनी ते खोडायला सांगितले नाहीत.

पहिल्या दिवशी तारे गेले, पाच. ब्रोच एका फाइन आर्ट्सच्या मुलीनं नेला, घासाघीस न करता. दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारातल्या एक आजी आल्या, त्यांनी वाळ्यांची चिठ्ठी सगळी वाचली आणि व्रणांवरून बोट फिरवलं. नणंद म्हणाली, "आजी, ते पॉलिश करून देते, जातील ते." आजींनी वाळे पदराआड घेतले आणि म्हणाल्या, "नको, आहेत तसेच दे. भाव काय?"