पुनरुद्धारित मूकपट आणि घरगुती तबकडी : पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक विचार

भारतीय मूकपटांच्या पुनरुद्धारित आवृत्त्या व्हीसीडी, डीव्हीडी व ब्लू-रे या घरगुती माध्यमांतून अभ्यासकापर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचल्या आणि त्या स्वरूपावर त्याने कितपत विसंबावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. तथापि महाविद्यालयीन वर्गात ‘भारताचा पहिला चित्रपट’ म्हणून आपण जे दाखवतो ते नेमके काय असते, हे त्यावर अवलंबून असल्यामुळे तो अध्यापकांच्या नित्याच्या व्यवहाराशी निगडित आहे.

विद्यार्थिदशेत माजिवडा नाक्यानजीकच्या एका दुकानातून प्रस्तुत लेखकाने ‘राजा हरिश्चंद्र’ची एक व्हीसीडी विकत घेतली होती. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्यानंतर तबकड्यांची बाजारपेठ एकाएकी विस्तारली होती, तो हा काळ. सदर व्हीसीडी एका वेगळ्याच, अनामिक निर्मात्याची होती. वेष्टनावर दादासाहेब फाळके यांचे छायाचित्र आणि १९१३ हे साल होते. याखेरीज काहीही नव्हते. पडद्यावरील माणसे लगबगीने धावत होती, पार्श्वभूमीवर हार्मोनियमचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत होता आणि राजा वनात शिरल्यानंतर काही वेळातच भगवान शंकर प्रकट होऊन सारे सुरळीत झाले. डोंबाघरची चाकरी, रोहिदासाचा मृत्यू, स्मशान यांपैकी बरेचसे कुठे गेले याचा उलगडा झाला नाही. फाळके यांची कथनशैलीच तुटक असावी असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला आणि तो एका निबंधात लिहिलाही गेला.

वस्तुस्थिती अशी की मूळ चित्रपट चार रिळांचा, सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातील पहिले आणि शेवटचे रीळ एवढेच, म्हणजे १,४७५ फूट, शिल्लक आहे. शिवाय ही रिळे १९१३ च्या चित्रपटाची नसून फाळके यांनीच १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची असावीत, असे मत काही चित्रपट-इतिहासकारांनी मांडले आहे. म्हणजे वेष्टनावरचे एकमेव साल हेही वादग्रस्त आहे. तुटकपणा फाळके यांचा नव्हता; तो काळाचा होता आणि तबकडी काढणाऱ्याने तो लपवला होता.

मराठी अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या प्रती शतकानुशतके नकलून घेताना त्यांत अपपाठ शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची पाठशुद्धी केली आणि त्या संशोधनाचा शक ग्रंथाच्या अखेरीस नोंदवून ठेवला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या प्रत्येक पानावर स्वीकृत पाठाखाली पाठभेद दिलेले आहेत. योगायोग असा की ही संस्था व चित्रपट संग्रहालय पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्याच्या एकाच परिसरात आहेत. परंतु पोथीच्या बाबतीत जी शिस्त आपण गृहीत धरतो, ती चित्रफितीच्या बाबतीत मागण्याचे आपल्याला सुचत नाही. पुनरुद्धारित मूकपट हाही संपादित पाठच असतो. कोणती प्रत आधाराला घेतली, कोठे खंड पडला, पाट्या मूळच्या की नव्याने लिहिलेल्या, गती कोणती ठरवली, हे सर्व संपादकीय निर्णय होत.

यांपैकी गतीचा निर्णय सर्वांत दुर्लक्षित आहे. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी असतात. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई व सेकंदाला १६ ते २० चौकटी ही गती सर्रास आढळे. बोलपटाबरोबर २४ चौकटी हे प्रमाण स्थिर झाले. ३,७०० फूट फीत २४ च्या गतीने चालवली तर ती सुमारे ४१ मिनिटांत संपते, १६ च्या गतीने चालवली तर सुमारे ६२ मिनिटे चालते. ‘राजा हरिश्चंद्र’ ४० मिनिटांचा होता असे विधान अनेक ठिकाणी आढळते. ते बोलपटाच्या गतीने केलेल्या हिशोबाशी जुळणारे आहे, हे ध्यानात घ्यावे लागेल. प्रेक्षकाने एक तास पाहिलेली कथा आपण पाऊण तासाहून कमी वेळात पळवतो आणि मग त्या काळचा अभिनय हास्यास्पद होता असे विद्यार्थ्यांना सांगतो.

‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटाने ही बाब विशेष जाणवते. त्याच्या आरंभी फाळके यांची कन्या मंदाकिनी कॅमेऱ्याला सामोरी बसून एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते आणि नंतर तीच कृष्णाच्या वेषात दिसू लागते. ही एका मुलीची मुद्राभिनयाची परीक्षाच आहे. एक भाव मावळून दुसरा उमटेपर्यंतचा विराम हाच तिचा आशय आहे. फीत वेगाने फिरली की तो विराम नाहीसा होतो व उरतात ते केवळ विचकलेले चेहरे. योग्य गतीने पाहिल्यास मात्र देवाचे सोंग घेण्यापूर्वी प्रेक्षकाला ‘ही माझी मुलगी’ असे सांगणारा दिग्दर्शक दिसतो, आणि पुढील सर्व चमत्कार त्या ओळखीच्या सावलीत घडतात. भक्ती आणि कारागिरी यांचे असे सरळ सहअस्तित्व पुढील पौराणिक चित्रपटांत क्वचितच आढळते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याच चित्रपटाच्या संदर्भात पी. के. नायर यांच्या कार्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालयात ते १९६५ मध्ये रुजू झाले. फाळके यांच्या कुटुंबीयांकडून मिळालेले तुकडे त्यांनी फाळके यांच्या हस्तलिखित टिपणांच्या आधारे क्रमवार लावले. सुमारे ६,००० फुटांपैकी आज उपलब्ध असलेले ४,४४१ फूट हे अशा प्रकारे नायर यांचे संपादनही आहे. एकनाथांप्रमाणेच त्यांचे नाव व त्यांच्या कामाची पद्धत त्या प्रतीबरोबर प्रवास करावयास हवी.

फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’च्या (१९२७) तबकडीत हे घडले आहे. २००८ मध्ये ब्यूनोस आयर्स येथे सापडलेल्या १६ मिलिमीटर प्रतीतील दृश्ये २०१० च्या आवृत्तीत समाविष्ट झाली; ती ओरखड्यांसह तशीच ठेवल्यामुळे कोणता भाग कोठून आला हे प्रेक्षकाच्या डोळ्यांना कळते, आणि जे सापडलेच नाही ते पाट्यांतून सांगितले जाते. आपल्याकडील जीर्णोद्धाराच्या कल्पनेला हे मानवत नाही. जुन्या दगडी मंदिराला तैलरंग फासून ते ‘नवे’ झाल्याचे समाधान आपण मानतो. चित्रपटाबाबतही डाग पुसणे म्हणजेच पुनरुद्धार अशी समजूत दृढ आहे.

भारतात चित्रित झालेल्या मूकपटांपैकी चांगल्या तबकड्या मिळाल्या त्या हिमांशू राय व फ्रान्झ ऑस्टेन यांच्या चित्रपटांच्या. ‘अ थ्रो ऑफ डाइस’ (१९२९) हा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने पुनरुद्धारित करून २००७ मध्ये नितीन साहनी यांच्या संगीतासह सादर केला; ‘शिराज’ (१९२८) २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या संगीतासह आला. युरोपीय भागीदारीमुळे या चित्रपटांचे साहित्य परदेशी संग्रहात टिकले. त्यांची छायाचित्रणातील तलमता निर्विवाद आहे. परंतु साहनी यांचा भव्य वाद्यमेळ अनेकदा दृश्याच्या आधीच भावना जाहीर करून टाकतो, आणि ही तबकडी पाहणारा अभ्यासक १९२९ चा चित्रपट व २००७ चे संगीत यांना एकच कलाकृती समजतो. शिवाय युरोपातील डीव्हीडी प्रदेश क्रमांक २ ची, भारतातील यंत्र प्रदेश क्रमांक ५ चे; जे मिळाले तेही अनेकांना लावता आले नाही.

याचा एक विपरीत परिणाम संभवतो. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दिलेल्या आकड्यानुसार भारतात निर्माण झालेल्या १,३३८ मूकपटांपैकी केवळ २९ शिल्लक आहेत व त्यांतीलही अनेक अपूर्ण आहेत. त्यांपैकी जे झळझळीत स्वरूपात दिसतात ते राजवाडे, हत्ती व द्यूत यांचे चित्रपट. बाबूराव पेंटर यांचा मूक ‘सावकारी पाश’ (१९२५) नष्ट झाला. आज पाहता येतो तो त्यांनीच १९३६ मध्ये केलेला बोलपट. परिणामी मूकपटयुगातील मराठी मुलखाचा शेतकरी वर्गात दाखवता येत नाही, आणि पाश्चात्त्य प्रेक्षकासाठी रचलेला पूर्वेचा देखावा मात्र दाखवता येतो.

माजिवड्याच्या नाक्यावरचे ते दुकान आता नाही, तबकड्याही जवळपास नाहीत. फाळके यांचे तुकडे आज आंतरजालावर विनासायास मिळतात. त्यांच्यासोबत लांबी, गती वा आधारप्रत यांची नोंद बहुधा नसते. प्रस्तुत लेखक अलीकडे वर्गात ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवण्यापूर्वी फळ्यावर ३,७०० आणि १,४७५ हे दोन आकडे लिहितो, सालासमोर १९१३ व १९१७ अशी दोन वर्षे मांडतो आणि पहिले रीळ संपताच प्रक्षेपण थांबवून मधल्या दोन रिळांची कथा विद्यार्थ्यांकडून वदवून घेतो. हरिश्चंद्राची कथा आता सर्वांना येतेच असे नाही. गेल्या वर्षी ती एका विद्यार्थिनीने आजीकडून ऐकलेली म्हणून सांगितली, डोंबाघरापासून स्मशानापर्यंत, आणि त्यानंतर शेवटचे रीळ लावले.