आठशे भागिले तीन

एडमंड हिलरीने एव्हरेस्टच्या माथ्यावर नेलेले घड्याळ स्मिथ्स कंपनीचे होते. इंग्लंडातल्या चेल्टनहॅमच्या कारखान्यात घडलेले, ‘डी लक्स’ नावाचे, पंधरा माणकांचे, रोज चावी मागणारे. घड्याळांच्या शौकिनांत मात्र 1953 ची ती चढाई म्हटली की आधी रोलेक्सचे नाव निघते. त्यालाही कारण आहे. त्या ब्रिटिश मोहिमेला रोलेक्सनेही घड्याळे दिली होती आणि त्याच वर्षी त्या कंपनीने ‘एक्सप्लोरर’ बाजारात आणले. ही दोन्ही घड्याळे शेजारी ठेवून वाचायला हवीत.

एक्सप्लोररची तबकडी काळी. 3, 6 आणि 9 हे आकडे मोठे, 12 च्या जागी त्रिकोण आणि बाकीच्या तासांना नुसत्या रेघा. आकडे आणि काटे अंधारात उजळणारे. त्यावर तारीख नाही, दुसरी कसली सजावट नाही. थकलेला माणूस फार वेळ पाहणार नाही, एकदाच पाहील, हे ती तबकडी काढणाऱ्याला पक्के ठाऊक होते. मनगट हलेल तशी आपोआप चावी बसण्याची रोलेक्सची सोय तर 1931 पासूनचीच. एक्सप्लोररचे सौंदर्य आहे ते या नेमकेपणात, आणि ते खरे सौंदर्य आहे. लिलावात त्याला मिळणाऱ्या किमतीशी त्याचा काही संबंध नाही.

स्मिथ्सचे रूप याच्या उलट, घरंदाज. फिकट तबकडी, आणि सेकंदाचा काटा मध्यावर न ठेवता खाली सहाजवळच्या छोट्या वर्तुळात बसवलेला. चारचौघांत घालावे असे हे घड्याळ. बर्फात त्याचे काय काम, असे पहिल्या नजरेला वाटेल. पण ते छोटे वर्तुळ नीट पाहा. मोठ्या तबकडीवर उरतात दोनच काटे, त्यामुळे मिनिटांचा काटा विनाअडथळा वाचता येतो. खालचा इवलासा काटा मग एकच निरोप देतो, की घड्याळ चालू आहे. कडाक्याच्या थंडीत यंत्रातले तेल घट्ट होऊ शकते, तिथे या निरोपाला मोल आहे.

आणि हिलरीला हवी होती ती मिनिटेच. 28 मेच्या रात्री तो आणि तेनसिंग नोर्गे सुमारे 27,900 फुटांवर एका लहानशा तंबूत होते. बाहेर उणे 27 अंश सेल्सियस. झोपेसाठी ऑक्सिजन चार तासांपुरताच, तोही मिनिटाला एक लिटर या बेताने. त्यांनी त्याचे दोन वाटे केले: रात्री 9 ते 11 आणि मग 1 ते 3. मधल्या दोन तासांत थंडी आणि विरळ हवा सोसत पडून राहायचे. त्या रात्री त्यांनी श्वास कधी घ्यायचा हे घड्याळ ठरवत होते, असे म्हटले तर ते अलंकारिक नाही. पहाटे हिलरीचे बूट गोठून लाकडासारखे झालेले. ते स्टोव्हवर मऊ करण्यात दोन तास गेले. साडेसहाला दोघे निघाले, नऊला दक्षिण शिखरावर पोचले.

तिथे हिलरीने केलेला हिशेब मला संपूर्ण मोहिमेचा गाभा वाटतो. अर्धवट भरलेली पहिली नळकांडी संपली होती. उरली होती प्रत्येकी एक, 800 लिटरची. मिनिटाला तीन लिटर खर्च धरला, तर आठशे भागिले तीन म्हणजे 267 मिनिटे, जवळपास साडेचार तास. शिखर किती दूर आहे, त्यापेक्षा दुपारी दीडच्या आत परत कुठवर यायचे, हा प्रश्न मोठा होता. उत्तर मनगटावर होते. साडेअकराला दोघे माथ्यावर पोचले, सुमारे पंधरा मिनिटे थांबले आणि उतरू लागले. कुणी शिखरावर तासभर रेंगाळला नाही, यात धैर्याइतकाच वाटा त्या भागाकाराचा आहे.

चावीचे घड्याळ माणसाकडून रोजची शिस्त मागते. अशा उंचीवर ती तंबूतच पाळायला हवी, कारण बाहेर हातमोजा काढला तर बोटे जाण्याची भीती. रोलेक्सने हा त्रास वाचवला, म्हणून यंत्र म्हणून ते सरस. पण मला मान द्यावासा वाटतो तो स्मिथ्सला. त्याला मालकाने आठवणीने चालते ठेवले, आणि त्याने मालकाला.

नागपूरकराने हे सगळे परके मानू नये. त्या शिखराला ज्याचे नाव मिळाले तो जॉर्ज एव्हरेस्ट 1818 पासून, भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण करणाऱ्या विल्यम लॅम्बटनचा सहायक होता. आणि 1802 मध्ये मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजून निघालेला, कोन मोजणारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट डोंगरा-मनोऱ्यांवर चढवत उत्तरेकडे सरकणारा लॅम्बटन नागपूरला येता येता जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. त्याचे थडगे तिथेच आहे. आपल्या झिरो माइलच्या खांबाशी उभे राहिले की याच सर्वेक्षणाची खूण समोर असते. पृथ्वी मोजणाऱ्या या माणसांना वेळ म्हणजे कोन होता: एक अंश रेखांश, चार मिनिटे. नागपूर 79 अंशांवर, भारतीय प्रमाणवेळेची रेषा साडेब्याऐंशीवर. म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे 14 मिनिटे मागून माथ्यावर येतो. वेळेवरून जागा काढणारे सर्वेक्षक आणि वेळेवरून श्वास काढणारा हिलरी एकाच परंपरेतले आहेत.

लंडनला जाणाऱ्या वाचकांना एक सांगायचे आहे. क्लॉकमेकर्स म्युझियम 2015 पासून तिथल्या सायन्स म्युझियममध्ये आहे, आणि तिथे जायला पैसे लागत नाहीत. हिलरीचे स्मिथ्स तिथे ठेवले आहे. समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी आयुष्य वेचलेल्या जॉन हॅरिसनचे पाचवे घड्याळही त्याच संग्रहात आहे. दोन्ही पाहा, आणि स्मिथ्ससमोर उभे राहाल तेव्हा सहाजवळचे छोटे वर्तुळ विसरू नका.