एकच दाखला, दोन वाचने

यंदाच्या पावसाळ्यात चांदीपचा एक तरुण कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात एका गाळ्यात त्याला पॅकिंगचे काम मिळत होते, महिना नऊ हजारांवर. पण तो नोकरीच्या अर्जासाठी आला नव्हता. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान चालू राहावे म्हणून उत्पन्नाचे कागद लावायचे होते. म्हणाला, "सर, मालक पगाराचं लिहून देतोय. चार हजारांच्या आत लिहून घेऊ का?"

मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. सरकारी अर्ज मजकूर म्हणून वाचण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती. त्या दिवशी तो वाचला आणि आपल्या साहित्याशेजारी ठेवून पुन्हा वाचला. त्यातून जे दिसले ते इथे मांडतो.

योजना १९८० सालची. अपंग अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवे, ही तिची अट. म्हणजे महिन्याला ४,१६६. बायको चार घरची भांडी घासत असेल तर तिची कमाईही याच आकड्यात बसवायची. अनुदान २०२३ मध्ये १,५०० झाले आणि २०२५ मध्ये अपंगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय झाला. आता हिशोब मांडून पाहा. ४,१०० कमावणाऱ्याच्या हाती अनुदानासह ६,६०० येतात. ४,२०० कमावणाऱ्याच्या हाती ४,२००च. शंभर रुपये जास्त कमावले म्हणून २,४०० गेले.

नऊ हजारांचे काम तरीही फायद्याचेच, असे मी त्याला सांगितले. त्यावर तो एवढेच म्हणाला, "काम सुटलं तर?" गाळ्यातले काम ऑर्डरीवर चालते, दिवाळी उलटली की माणसे कमी होतात. बंद झालेले अनुदान पुन्हा सुरू करायचे तर तलाठ्याच्या दाखल्यापासून सगळी वारी नव्याने. माझ्या हिशोबात ही भीती धरलेलीच नव्हती.

त्याच्या पिशवीतला मुख्य कागद अपंगत्वाचा दाखला. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर अनुदान, आणि ४० टक्क्यांच्याच आधारावर सरकारी नोकरीत आरक्षण. एका खिडकीवर हा कागद सांगतो की या माणसाला कमावणे जमत नाही. दुसऱ्या खिडकीवर तोच सांगतो की याला काम द्या, हा करील. डॉक्टरने मोजला तो पाय. त्या मोजमापातून माणसाच्या कमाईबद्दल दोन उलट निष्कर्ष आपण काढले. गंमत नावांचीही आहे. हा दाखला आणि त्याचे ओळखपत्र ज्या केंद्रीय संकेतस्थळावरून मिळते त्याचे नाव 'स्वावलंबन', आणि ते दाखवून जे अनुदान घ्यायचे ते 'निराधार'. (निराधार ठरायला आधार कार्ड लागते, हा विनोद रांगेतल्या लोकांनी केव्हाच करून झाला आहे.)

शब्द बदलण्यात आपण हयगय केलेली नाही. पंगू गेला, अपंग आला, १९९५च्या कायद्याच्या हिंदी नावात निःशक्त होता, २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी दिव्यांग सुचवला आणि २०२२ साली महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच काढला. माझ्या तरुण मित्राला यांपैकी कोणत्याच शब्दाचा राग नाही. तो स्वतःबद्दल बोलताना 'आमच्यासारखे' म्हणतो. मला खटकतो तो निराधार हाच शब्द, कारण तो नुसते वर्णन करून थांबत नाही. अनुदान हवे असेल तोवर निराधारच राहा, असे तो बजावतो.

साहित्याने तरी वेगळे वाचन केले का? जयवंत दळवींचे 'नातीगोती' आठवा. मतिमंद मुलाच्या आईबापांची घुसमट इतक्या निर्भीडपणे मराठी रंगभूमीवर क्वचितच आली असेल. पण त्या घरात नोकरी असते ती आईबापांना. मुलाच्या हाताला काही काम असू शकेल, हा प्रश्न नाटकाच्या कक्षेतच येत नाही. दळवींना दोष द्यावा असे नाही. त्यांचा विषय निराळा होता. त्या काळाच्या कल्पनेची कुंपणे मात्र त्यातून दिसतात.

नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची'चे प्रकरण याहून बोलके, आणि इथे माझी तक्रार पुस्तकाशी नाही, आपल्या वाचनाशी आहे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर लुळे पडलेली ही मुलगी. बाबूकाका दिवाणांच्या भेटीने सावरली, पुढे १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' उभी केली, सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचे काम देणारी स्वप्ननगरी उभारली. आपण हे सारे 'जिद्द' या एका शब्दाखाली वाचतो. शाळेतल्या भाषणांत मीही तसेच सांगत आलो. परंतु या बाईंना केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी होती. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार होता. संस्था काढायला धाडस लागते हे खरे, पण ते धाडस करताना घरच्यांच्या तोंडाकडे पाहावे लागत नसेल तर पुष्कळ फरक पडतो. एका पगारदार स्त्रीचे आत्मचरित्र म्हणून या पुस्तकाकडे पाहिलेले परीक्षण माझ्या वाचनात नाही.

वर्तमानपत्रांनी प्रांजल पाटील यांच्या बाबतीत हेच केले. उल्हासनगरची ही दृष्टिहीन मुलगी केंद्रीय लोकसेवा परीक्षेच्या २०१६च्या निकालात ७७३वी आली. रेल्वे लेखासेवा वाट्याला आली, आणि पूर्ण अंधत्वाच्या कारणावरून ती नाकारली गेली. पुढच्या वर्षी १२४वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या. मथळे अर्थातच जिद्दीचे. मला बातमी वाटते ती मधली: गुणवत्तेने मिळालेली जागा डोळ्यांवरून गेली. १२४वा क्रमांक आला नसता तर?

कायदा या बाबतीत साहित्याच्या पुढे गेला, हे नोंदवायला मला थोडा संकोच वाटतो. १९९५च्या कायद्यातले ३ टक्के आरक्षण बरीच वर्षे फक्त 'निश्चित केलेल्या' पदांवर मोजले जाई. ते एकूण रिक्त पदांवर मोजा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३च्या ऑक्टोबरात बजावले. २०१६च्या कायद्याने ते ४ टक्के केले, नोकरीत असताना अपंगत्व आले तर माणसाला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येणार नाही असे म्हटले, आणि 'वाजवी सोय' ही कल्पना आणली. माणसाने कामाला जुळवून घ्यायचे तसे कामानेही माणसाला जुळवून घ्यायचे. उतरंड, बसून करता येईल असे टेबल, वेळेची थोडी मोकळीक. खासगी मालकांपुढे मात्र या कायद्यात आरक्षण नाही, प्रोत्साहन आहे. अपंग कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीत मालकाने भरायचा हिस्सा सुरुवातीची काही वर्षे केंद्र सरकार भरील, अशी योजना २००८पासून आहे. पण ती कामगार नोंदलेला असेल तर. गाळ्यातला पॅकिंगवाला कुठल्या वहीत असतो?

सरकारचा ओढा पहिल्यापासून स्वयंरोजगाराकडे. स्टेशनाबाहेरचे पिवळे एसटीडी बूथ आठवत असतील. त्यांतले कितीतरी अपंगांना दिलेले. मोबाइल आला आणि बूथ गेले. त्या माणसांचे पुढे काय झाले यावर मराठीत एखादी तरी कथा यायला हवी होती. आता फिरत्या दुकानाची ई-वाहने देतात. वाईट नाही. पण दुकानदार होणे आणि पगारदार होणे यांत, मंदी आली की ती कोणाच्या अंगावर येते, एवढा फरक राहतोच.

आणि मुळात तिथवर पोहोचायचे कसे? चांदीप वसई-विरार महापालिकेतले. तालुका वसई, जिल्ह्याचे ठिकाण पालघर, गाडी विरारची. लोकलमध्ये अपंगांचा डबा आहे, तो विरारच्या फलाटापासून पुढे कामाचा. घरापासून फलाटापर्यंत भर पावसात शेअर रिक्षाची चौथी सीट, तीही कुबडीसकट बसू देतील तर.

अर्जात मी खोटा आकडा लिहिला नाही आणि खराही लिहिला नाही. रकाना मोकळा ठेवून कागद त्याला परत दिला. गणपतीत तो भेटला. मालकाशी बोलून त्याने तोड काढली होती. आता तो आठवड्यातून मोजकेच दिवस गाळ्यावर जातो, त्यामुळे पगार खरोखरच चार हजारांच्या आत बसतो. मालक सहा दिवस ये म्हणतो. याने नाही सांगितले आहे.